वर्गाच्या कपाटातली कादंबरी

शाळेत कादंबरी दोन वाटांनी येते. पहिली वाट पाठ्यपुस्तकाची. तिथे कादंबरीतलं एखादं प्रकरण, तेही कात्री लावलेलं, धडा होऊन येतं. खाली शब्दार्थ, स्वाध्याय आणि 'कोण कोणास म्हणाले'. दुसरी वाट वर्गातल्या कपाटाची. तिथे ती अख्खी येते, मुखपृष्ठासकट, आणि तिच्यावर कुणी प्रश्न काढलेले नसतात. पुढची प्रकरणं या दुसऱ्या वाटेविषयी आहेत. पाचवी ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या वर्गासाठी एखादी बालकादंबरी किंवा किशोर कादंबरी घ्यावी की घेऊ नये, हे ठरवायचं कसं, एवढाच त्यांचा विषय. ऐकायला लहान वाटतो. आत शिरलं की त्यात साहित्यसमीक्षा येते, भाषाशिक्षण येतं, जात येते, छपाई आणि बांधणी येते आणि मार्चअखेर संपवायचं अनुदानही येतं.

या क्षेत्रात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या शिक्षकाला, डी.एल.एड.च्या विद्यार्थ्याला, ग्रंथपालाला किंवा नुसत्याच हौशी पालकाला आधीच सांगून ठेवतो की इथे पदवीची अट नाही. अट एकच आहे: ज्या कादंबरीविषयी बोलायचं ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असावी. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण शाळांसाठी होणारी पुष्कळशी खरेदी मलपृष्ठ, किंमत आणि सवलतीचा दर वाचूनच उरकली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी फारसं बोलत नाही.

पाठ्यपुस्तकातला धडा वर्गातल्या प्रत्येकाला वाचावाच लागतो. नंदुरबारच्या मुलीला, सावंतवाडीच्या मुलालाही. त्यामुळे धडे निवडणाऱ्यांनी सावध असणं स्वाभाविक आहे. सगळ्यांना पेलेल, कुणाला टोचणार नाही आणि परीक्षेत विचारता येईल, असा उतारा त्यांना शोधावा लागतो. कपाटातल्या कादंबरीवर यातलं कुठलंच ओझं नाही. चाळीस जणांच्या वर्गात ती चौघांनी वाचली तरी तिचं काम झालं. पाचव्याने विसाव्या पानावर कंटाळून परत ठेवली, तर तो त्याचा हक्क आहे. असं असूनही कपाटासाठी कादंबरी निवडताना आपण नकळत धड्याचीच फूटपट्टी हातात घेतो. सर्वांना समजेल का? कुणाला काही खटकेल का? यातून बोध काय? या तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण झालेली पुस्तकं कशी दिसतात हे पाहायचं असेल, तर कुलूपबंद कपाट उघडून बघावं. ती कोरी करकरीत असतात.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात मांडायचं तर असं: कादंबरी 'वर्गाला' योग्य आहे का हा प्रश्नच चुकीचा आहे, ती या वर्गातल्या कोणासाठी आहे आणि कपाटात तिच्या शेजारी काय उभं आहे, हे विचारायला हवं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाची गाठ त्याच्या पुस्तकाशी पडली पाहिजे आणि पुस्तकाचीही त्याच्या वाचकाशी, असा त्यांतल्या दोन नियमांचा आशय आहे. 'सरासरी वाचक' नावाचा प्राणी रंगनाथनांच्या मांडणीत कुठेच नाही. शाळेत मात्र आपण त्याच्यासाठीच खरेदी करत असतो.

ही फूटपट्टी आली कुठून, हे थोडक्यात पाहून पुढे जाऊ. मराठीत मुलांसाठी छापलेलं अगदी सुरुवातीचं पुस्तक म्हणजे १८०६ साली तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात निघालेलं 'बालबोधमुक्तावली'. त्यात होत्या इसापाच्या गोष्टी, म्हणजे तात्पर्यासकट गोष्टी. पुढे विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक १८८१ साली सुरू झालं, वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६ साली. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. पण मुलांचं पुस्तक म्हणजे शिकवणीचाच गोड प्रकार, ही समजूतही त्याच काळात पक्की झाली. 'बालमित्र'चे संपादक भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला पुण्याच्या विद्याभवन शाळेत आणून सायकलवर बसवला, आणि कादंबरी मुलांसाठी नुसती पळूही शकते हे दाखवून दिलं. तरी आजही एखादी बालकादंबरी हातात घेतल्यावर शिक्षकाचा पहिला प्रश्न 'यातून मुलं काय शिकतील' हाच असतो. फास्टर फेणेतून मुलं काय शिकतात? पान उलटायला शिकतात. ज्या मुलाने आजवर सोळा पानांच्या वर काही वाचलेलं नाही, त्याच्यासाठी हे शिक्षण कुठल्याही बोधापेक्षा मोठं आहे.

आता एक कादंबरी जवळून पाहू. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग' या १९३८ सालच्या कादंबरीला १९३९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. 'सत्यकथा'चे संपादक राम पटवर्धन यांनी ती 'पाडस' या नावाने मराठीत आणली. १९६७ पासून ती मराठी घरांत आहे. पुष्कळ घरांत ती आईबाबांनी मुलांना आवर्जून दिलेली असते. वर्गाच्या कपाटात मात्र ती क्वचित दिसते. कारण विचारलं की दोन उत्तरं मिळतात: फार जाड आहे, आणि शेवट फार वाईट आहे.

शेवट वाईट आहे हे खरंच. एकोणिसाव्या शतकातलं फ्लोरिडाचं रान, तिथे मक्याच्या शेतावर तगून राहिलेलं बॅक्स्टर कुटुंब, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा ज्योडी. त्याच्या बापाला, पेनीला, साप चावतो. विष शोषून घ्यायला ताज्या मारलेल्या जनावराचं मांस हवं, म्हणून पेनी जागच्या जागी एक हरिणी मारतो. तिचं पाडस पोरकं होतं, ते ज्योडी घरी आणतो. वर्षभरात पाडस मोठं होतं आणि शेतातले मक्याचे कोवळे कोंभ खायला लागतं. कुंपण उंच केलं तरी ते उडी मारून आत येतंच. पीक गेलं तर घर उपाशी राहणार. शेवटी त्याला मारायचं ठरतं. ज्योडीला ते जमत नाही, आई बंदूक चालवते, तिचा नेम चुकतो आणि पाडस जखमी होतं. उरलेलं काम ज्योडीला स्वतःच्या हाताने करावं लागतं.

हे सहावीच्या मुलाला द्यावं का? घाईने 'नको' म्हणण्यापूर्वी लेखिकेने हा शेवट कसा उभा केला आहे ते पाहायला हवं. पाडस ज्या मृत्यूमुळे घरात आलं, तो मृत्यूही घर जगवण्यासाठीच घडलेला होता. म्हणजे शेवटाचं बीज सुरुवातीच्या सुखातच आहे आणि ते लपवलेलं नाही. आई दुष्ट नाही. तिची भूक आणि तिची भीती आपण शेकडो पानं पाहत आलेले असतो. बाप प्रेमळ आहे आणि तरीही तोच निर्णय देतो. ज्योडीचा अपंग मित्र मधेच मरतो, तेव्हा मरण या पुस्तकात कसं येतं याची वाचकाला एकदा ओळख झालेली असते. आणि गोळी झाडल्यावर पुस्तक थांबत नाही. ज्योडी घर सोडून पळतो, उपाशी भटकतो, खरी भूक म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा कळतं, तो परत येतो आणि बापलेकांचं बोलणं होतं. म्हणजे मुलाला खड्ड्यात ढकलून लेखिका निघून जात नाही. दुःखद प्रसंग आहे की नाही, हा निकष म्हणून फार तोकडा. त्या प्रसंगापर्यंत वाचकाला कुणी आणि कसं आणलं, आणि नंतर त्याच्यासोबत कोण राहिलं, हे पाहावं. याच्या उलट अशाही कादंबऱ्या असतात की ज्यांत शेवटच्या प्रकरणात आजी केवळ डोळ्यांत पाणी यावं म्हणून मरते. तिथे मृत्यू 'सौम्य' असतो, कुठे रक्त नसतं, आणि तरीही ते पुस्तक मुलाशी लबाडी करत असतं. माझं मत विचाराल तर मी पहिलं ठेवीन, दुसरं नाही.

जाडीचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. सुरुवात संथ आहे, रानाची वर्णनं लांब आहेत, आणि वर्गात स्वतंत्र वाचनाला आठवड्याची एक तासिका मिळाली तरी नशीब. म्हणून 'पाडस'विषयी कपाटाच्या नोंदवहीत मी असं काही लिहीन: 'सातवी-आठवी. सलग वाचणाऱ्या मुलांसाठी. सुरुवातीची प्रकरणं शिक्षकाने वर्गात वाचून दाखवली तर बरेच जण पुढे स्वतः नेतील. शिकार, सर्पदंश, मित्राचा मृत्यू, पाडसाचा शेवट. घरचं जनावर नुकतंच गेलेलं मूल असेल तर देण्याआधी त्याच्याशी बोलावं. शेतीवर पोट असलेल्या घरातल्या मुलांना आईची बाजू आपल्यापेक्षा लवकर कळेल.' पाच-सात ओळींची अशी नोंद हे या क्षेत्राचं मुख्य हत्यार आहे. तिच्यात गुण द्यायचे नसतात. कुणासाठी, कशी आणि कशाची कल्पना ठेवून, एवढं लिहायचं. उद्या एखादा पालक 'हे असलं पुस्तक मुलांना कसं दिलंत' म्हणून आला, तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायला तीच उपयोगी पडते.

दुसरं उदाहरण अधिक अवघड आहे, कारण ते सगळ्यांना सोपं वाटतं. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मराठी शाळेच्या कपाटात हे पुस्तक न वाचताच ठेवलं जातं. त्याची पारख करणं म्हणजे पापच. पण पारख करू. त्यात एक प्रसंग आहे. एका अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली असते आणि कुणीच हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि हेही सांगते की नंतर घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात पहिलं वाक्य उच्चारणं हे धाडस होतं. दुसरं वाक्य त्या धाडसाची मर्यादा दाखवतं. गुरुजींनी दोन्ही वाक्यं ठेवली, हे त्यांचं प्रामाणिकपण. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पुढे १९४७ साली उपोषणाला बसलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे, हेही विसरून चालत नाही.

आज मात्र हे पान सातवीच्या वर्गात उघडतं तेव्हा तिथे त्या म्हातारीची पणतीही बसलेली असते. ती 'आंघोळ कर' हे शब्द वाचते. आईच्या थोरवीवर निबंध लिहायला सांगितला की ती काय लिहील? इथे पुस्तक काढून टाकावं असं मी म्हणणार नाही, आणि ते वाक्य गाळलेली आवृत्ती आणावी असं तर मुळीच नाही. रोआल्ड डालच्या पुस्तकांतले शब्द २०२३ साली प्रकाशकाने बदलले तेव्हा इतका गदारोळ झाला की मूळ आवृत्तीही बाजारात राहील असं जाहीर करावं लागलं. आपल्याकडे 'कुमारांसाठी संक्षिप्त' या नावाखाली हेच काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे आणि त्याबद्दल कुणी पत्रकही काढत नाही. पुस्तक ठेवावं ते पूर्ण ठेवावं. पण मग शिक्षकाने तो प्रसंग स्वतः वाचलेला असावा, त्यावर बोलायची तयारी असावी, आणि कपाटात त्या म्हातारीच्या बाजूने सांगितलेली गोष्टही असावी. ती नसेल तर दोष साने गुरुजींचा नाही, कपाट भरणाऱ्याचा आहे.

इथे या क्षेत्रातली एक प्रसिद्ध कल्पना आठवते. अमेरिकेतल्या रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलं की मुलांना पुस्तकांत स्वतःचा चेहरा दिसणारे आरसेही हवेत आणि इतरांचं जग दिसणाऱ्या खिडक्याही. गोऱ्या मुलांना आरसेच आरसे आणि काळ्या मुलांना फक्त खिडक्या, अशी तिथली स्थिती त्यांनी दाखवली. कल्पना इतकी चटकन पटणारी आहे की आता कार्यशाळांत ती घोषणेसारखी वापरली जाते, आणि 'आदिवासी शाळेला आदिवासी गोष्टी' असा तिचा भलताच अर्थ लावला जातो. मेळघाटातल्या कोरकू मुलाला फक्त जंगलाच्या गोष्टी देणं हीसुद्धा एक तऱ्हेची कोंडीच. त्याला विमानचोराचा पाठलागही हवा असतो. आणि उलटही खरं आहे: फ्लोरिडातल्या ज्योडीचं मक्याचं शेत पुण्याच्या मुलाला खिडकी असेल, पण रानडुकरांपासून पीक राखायला रात्री मचाणावर बसलेल्या मुलाला तो आरसा आहे. कोणत्या पुस्तकात कोणाला काय दिसेल हे पुस्तकाच्या पत्त्यावरून ठरत नाही.

तरी चेहरे मोजायला हवेतच, आणि त्याची एक साधी रीत आहे. हातात पेन्सिल घेऊन कादंबरी वाचायची आणि समासात खुणा करायच्या. कोणाला आडनाव आहे आणि कोणाला फक्त 'रामू' किंवा 'सखूबाई' हाक आहे? आईला नाव आहे का? संकटात निर्णय कोण घेतं आणि डबा कोण भरतं? सगळ्यांत बोलकी खूण भाषेची. निवेदन प्रमाण मराठीत, नायक प्रमाण मराठीत, आणि बोलीत बोलतो तो गडी, चोर किंवा विनोदापुरता आलेला मामा, असं असेल तर त्या बोलीत घरी बोलणाऱ्या मुलापर्यंत जे पोहोचायचं ते पोहोचतंच. त्यासाठी वाईट शब्द लागत नाहीत. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली ज्यांच्या घरात आहे त्या वर्गांत ही पेन्सिल फार उपयोगी पडते. पण एवढ्या एका खुणेवरून कादंबरी बाद करू नये. पात्र क्रूर असणं आणि पुस्तक क्रूर असणं यांत फरक आहे. जाड्या मुलाला वर्गातली मुलं चिडवतात हे कादंबरीत येणारच, शाळेत घडतंच ते. प्रश्न असा की लेखकही त्या हसण्यात सामील आहे का. तोतरेपणा, काळा रंग, जाडेपणा यांवर जिथे निवेदकच विनोद करतो आणि त्याला त्याचं भानही नसतं, ते पुस्तक मी ठेवत नाही.

भाषेची काठिण्यपातळी हा या क्षेत्रातला जुना वाद. इंग्रजीत पुस्तकाला आकडे लावून पातळी ठरवतात. मराठीत जोडाक्षरं आणि वाक्याची लांबी मोजून काहीतरी ठरवता येईल, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा दोन-तीन मुलांना मधलं एखादं पान मोठ्याने वाचायला द्यावं. जिथे मूल अडखळतं पण मागे जाऊन पुन्हा वाचतं, ते अडखळणं चांगलं. आवाज सपाट होऊन शब्द नुसते पुढे ढकलले जाऊ लागले की समजावं, पुस्तक अजून दूर आहे. जोडाक्षरांनी भरलेलं पान उत्कंठेपायी मुलं बिनतक्रार ओलांडतात. रटाळ पान सोप्या शब्दांतलंही ओलांडत नाहीत.

वयाच्या शिक्क्याबद्दल एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. मुलाविषयीची कादंबरी आणि मुलासाठीची कादंबरी या निराळ्या. प्रकाश नारायण संतांचा लंपन (त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण चार पुस्तकांत मिळून एक मुलगा उभा राहतो) मोठ्यांनी डोक्यावर घेतला, कारण त्यात बालपण परत मिळाल्याचा आनंद आहे. ज्याचं बालपण अजून संपलेलंच नाही त्याला तो आनंद कसा कळावा? तरीही एखादी सातवीतली मुलगी त्यांतलं 'वनवास' उचलते आणि सोडत नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) तर नववीच्या वर्गातच घडते. आणीबाणीचा काळ, मित्रांचा कट्टा, आवडणारी मुलगी, आणि मुलं आपसांत जशी बोलतात तशी भाषा. नववीच्या मुलांविषयीची ही कादंबरी नववीच्या वर्गात ठेवायला शिक्षक कचरतात, आणि तीच मुलं तिच्यावरचा सिनेमा मोबाइलवर पाहून मोकळी होतात. मी ती नववीच्या कपाटात ठेवीन. आठवीच्या कपाटात ठेवणार नाही, पण आठवीतल्या कुणी मागितली तर देईन. हा नियम नव्हे. पारख म्हणजे असेच लहान-लहान निर्णय.

पुरस्कारांच्या याद्या वाचायच्या त्या सुरुवात म्हणून. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. मराठीत दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला तो २०११ साली मिळाला, ल. म. कडूंच्या 'खारीच्या वाटा'ला २०१७ साली, संगीता बर्व्यांच्या 'पियूची वही'ला २०२२ साली, भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ साली. या चार नावांतच केवढी विविधता आहे ते पाहा. पण पुरस्कार मोठी माणसं मोठ्या माणसांना देतात. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाची निवडक पुस्तकांची वार्षिक यादी २०२० पासून निघते, ती हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांची. तिच्यातली टिपणं मराठी शिक्षकानेही वाचावीत, पुस्तकावर थोडक्यात आणि नेमकं कसं लिहावं हे समजायला. 'किशोर' मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केलं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. कोणता लेखक मुलांशी कोणत्या आवाजात बोलतो हे जोखायला तो मोठा खजिना आहे.

पुस्तकाच्या देहाबद्दल एरवी कुणी बोलत नाही, म्हणून दोन शब्द. नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी दहा वाचकांनंतर सुटते. शिवलेली बांधणी घ्यावी, थोडी महाग पडली तरी. अक्षर बारीक आणि ओळी दाटीच्या असतील तर चांगली कादंबरीही पाचवीचं मूल हातात धरत नाही. आणि ज्या पुस्तकाच्या दोन प्रती परवडतात त्याच्या दोनच घ्याव्यात, कारण दोघं मित्र एकाच वेळी एक कादंबरी वाचू लागले की तिसरा आपोआप येतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद केलेली आहे. पैसा थोडा आहे, पण वीस-पंचवीस चांगल्या कादंबऱ्या त्यात येतात. अडतं ते दोन ठिकाणी. निधी वर्षाच्या शेवटी येतो आणि खर्चाची घाई होते, मग तयार संच उचलला जातो. आणि पुस्तक एकदा डेड स्टॉक रजिस्टरला चढलं की ते हरवण्याची भीती ते वाचलं जाण्याच्या इच्छेवर मात करते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी पुस्तकं बाहेर येतात, फोटो निघतात, १६ तारखेला परत कुलूप. पारख करायची ती कादंबरीची, हे खरं. पण कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे विचारल्याशिवाय ती पारख पुरी होत नाही. फाटलेलं पुस्तक हा वाचनाचा पुरावा आहे, हे रजिस्टर तपासणाऱ्या साहेबांना पटवून देण्याची जबाबदारीही शेवटी शिक्षकावरच येते.

उरतो प्रश्न मुलांच्या मताचा. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ मध्येच मांडलं होतं की साहित्यकृती घडते ती वाचक आणि मजकूर यांच्या व्यवहारात. ते मानलं तर वाचकाला न विचारता केलेला निवाडा अर्धाच राहतो. इंग्लंडच्या एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकावर बोलण्याची एक पद्धत सुचवली आहे. तिचा गाभा असा की काय आवडलं, काय नावडलं, कुठे कोडं पडलं आणि कुठे काही जोडलं गेल्यासारखं वाटलं, हे विचारायचं. 'का' हा प्रश्न मात्र सुरुवातीला टाळायचा, कारण 'का' म्हटलं की मुलाला परीक्षा आठवते. मराठी वर्गात यातला 'काय नावडलं' हा प्रश्न सगळ्यांत अवघड जातो. छापलेल्या पुस्तकाला नावं ठेवायची परवानगी आपल्याकडे मुलांना कुणी दिलेलीच नसते. ती एकदा मिळाली की मुलं जे सांगतात त्यापुढे आपली अर्धी नोंद खोडावी लागते. ती खुशाल खोडावी.

पुढच्या प्रकरणांत पंचवीस कादंबऱ्यांची अशी सविस्तर पारख केली आहे. प्रत्येकीवर आमचा निर्णय आहे आणि तो दुसऱ्या शाळेत चुकीचा ठरू शकतो. त्याआधी एक विनंती: यादीतली कोणतीही एक कादंबरी आधी मिळवा, पूर्ण वाचा, पाच ओळींची नोंद लिहा आणि मगच आमचं प्रकरण उघडा. तुमची नोंद आमच्याशी जुळली नाही तर ती खोडू नका. तुमच्या वर्गाच्या कपाटात पुस्तकाच्या पहिल्या पानाला तीच चिकटवा, आमची नको.